महोत्सवातील नाट्यनिवड आणि नाट्यशिक्षण : महाविद्यालयीन संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : नाट्यनिवड, कला महोत्सव, नाट्यशिक्षण, एकांकिका स्पर्धा, प्रेक्षक-घडण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा नाट्यव्यवहार मुख्यत्वे स्पर्धेच्या आधारावर उभा राहिलेला आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातील संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा आणि निरनिराळ्या विद्यापीठांचे युवक महोत्सव यांतून मराठी रंगभूमीला लेखक, दिग्दर्शक व नट यांच्या अनेक पिढ्या मिळाल्या. स्पर्धेचे हे ऋण नाकारता येणार नाही. तथापि स्पर्धा विद्यार्थ्याला नाटक करावयास लावते. नाटक पाहण्यास, त्याविषयी विचार करण्यास व बोलण्यास ती प्रवृत्त करतेच असे नाही. शिक्षणाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. कला महोत्सवासाठी नाटके निवडणे, त्यांचा क्रम लावणे व त्यांभोवती चर्चा घडवून आणणे हे कार्य केवळ संयोजनाचे नसून मूलतः अध्यापनाचे आहे, हे प्रस्तुत लेखात काही उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

स्पर्धा आणि महोत्सव : स्वरूपातील भेद

‘युवक महोत्सव’ या नावात महोत्सव असला तरी त्याचे स्वरूप स्पर्धेचेच असते. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात नाट्यविभागांतर्गत एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य व नकला हे प्रकार येतात. एकांकिकेस ३० मिनिटे, प्रहसनास १० मिनिटे, तर मूकनाट्यास ५ मिनिटे अशी मर्यादा असते. तुलना करून गुण द्यावयाचे असल्याने ही चौकट आवश्यकही आहे. परंतु चौकटीचा परिणाम आशयावर होतो. अर्ध्या तासात परीक्षकांवर ठसा उमटावा यासाठी धक्कादायक शेवट, सामूहिक हालचाली, ठळक प्रकाशयोजना यांकडे संघांचा कल वाढतो. संथपणे उलगडणारी, पात्रांना वेळ देणारी संहिता आपोआप मागे पडते. दुसरे असे की, स्पर्धक विद्यार्थी इतर संघांचे प्रयोग पाहतो तेव्हा तो बहुधा प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो. रसिक म्हणून नव्हे.

महोत्सवात नाटक निकालासाठी नसून प्रेक्षकासाठी असते. तेथे क्रमांक नसल्याने दोन प्रयोगांची तुलना ‘कोणता सरस’ या प्रश्नावर न थांबता ‘दोहोंत भेद कोणता व तो कशामुळे’ या प्रश्नापर्यंत जाऊ शकते. विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाची वाटचाल या संदर्भात बोलकी आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने ते रंगमंचावर आले. पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या थिएटर अकॅडमीने ते चालू ठेवले आणि १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यात ते बर्लिनपर्यंत पोहोचले. स्पर्धेने नाटकाला मुदत व मंच दिला. दीर्घ आयुष्य मात्र स्पर्धेबाहेरील प्रयोगांनी दिले.

नाट्यनिवडीची दोन तत्त्वे

आधुनिक युरोपीय महोत्सवांच्या इतिहासात १९४७ हे वर्ष महत्त्वाचे मानावे लागते. त्या वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्यास निमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंघांनी स्वतःच्या बळावर शहरात प्रयोग केले. त्यातूनच पुढे ‘फ्रिंज’ म्हणून ओळखला जाणारा मुक्त महोत्सव विकसित झाला. त्यात मध्यवर्ती निवड समिती नाही. ज्यास जागा मिळेल त्याने प्रयोग करावा, असे त्याचे तत्त्व आहे. त्याच वर्षी फ्रान्समधील आव्हिन्यों येथे ज्यां व्हिलार या दिग्दर्शकाने नाट्यमहोत्सवाचा आरंभ केला. येथे निवडीमागे एका रंगकर्मीची निश्चित दृष्टी होती : उत्तम नाटक पॅरिसच्या अभिजनांपुरते न राहता सर्वसामान्यांपर्यंत पोहोचावे.

एक तत्त्व प्रवेश खुला ठेवते, दुसरे निवडीची जबाबदारी स्वीकारते. पहिल्यात नव्या व अपरिचित कलावंतास संधी मिळते. मात्र काय पाहावे हे ठरविण्याचा भार प्रेक्षकावर पडतो. दुसऱ्यात प्रेक्षकाला दिशा मिळते. मात्र निवड करणाऱ्याची आवड हीच मर्यादा ठरण्याचा धोका असतो. शिक्षणसंस्थेस यांपैकी दुसरे तत्त्व अधिक जवळचे आहे, कारण अभ्यासक्रम ठरविणे हीसुद्धा निवडच असते. अभ्यासमंडळ कादंबऱ्यांची निवड करताना कालखंड, प्रकार व दृष्टिकोन यांचा तोल सांभाळते आणि त्या निवडीचे समर्थन करू शकते. महोत्सवाच्या नाट्यनिवडीकडूनही हीच अपेक्षा बाळगली पाहिजे.

शिक्षण व महोत्सव यांची सांगड : काही उदाहरणे

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या अंतर्गत झाली. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात संचालक म्हणून तेथील प्रशिक्षणाला शिस्त व घडण दिली. या विद्यालयाने १९९९ मध्ये भारत रंग महोत्सव सुरू केला. निरनिराळ्या भाषांतील प्रयोग दिल्लीत विद्यालयाच्या आवारात व परिसरातील नाट्यगृहांत होऊ लागल्याने वर्गात शिकलेल्या संकल्पना प्रत्यक्ष रंगमंचावर पडताळून पाहण्याची संधी विद्यार्थ्यांस मिळाली.

याहून अधिक उद्बोधक उदाहरण कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्याचे आहे. तेथे १९४९ मध्ये ‘नीनासम’ ही संस्था स्थापन झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी तिला आकार दिला व १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थेने १९८० मध्ये नाट्यप्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ हे फिरते नाट्यमंडळ उभारले. प्रशिक्षित कलावंत नाटके घेऊन कर्नाटकभर गावोगाव जातात. याशिवाय संस्थेच्या वार्षिक संस्कृती शिबिरात व्याख्याने, नाट्यप्रयोग व प्रयोगांवरील चर्चा एकत्र गुंफलेल्या असतात. प्रशिक्षण, प्रयोग आणि रसग्रहण ही तीन अंगे येथे परस्परांपासून तोडलेली नाहीत. साधनांची विपुलता नसलेल्या ग्रामीण भागात हे घडले, ही बाब ग्रामीण महाविद्यालयांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

तिसरा प्रवाह ‘शिक्षणातील रंगभूमी’ या नावाने ओळखला जातो. त्याचा उगम इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात आहे. यात नट हाच शिक्षक असतो. प्रयोग मध्येच थांबवून विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले जातात व निर्णयात सहभागी करून घेतले जाते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने या स्वरूपाचे स्वतंत्र मंडळ १९८९ मध्ये स्थापन केले. महाराष्ट्रात थिएटर अकॅडमीने १९८६ मध्ये बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या प्रेरणेने मराठी बालनाट्याची वेगळी वाट चोखाळली. परीकथांऐवजी मुलांच्या रोजच्या जगण्यातील प्रश्न त्यातून रंगमंचावर आले.

महाविद्यालयीन महोत्सवाचा आराखडा

वरील विवेचनावरून महाविद्यालयास तीन दिवसांचा लहान महोत्सव आखता येईल. त्यासाठी पुढील बाबी विचारात घ्याव्यात.

१. मध्यवर्ती प्रश्न : प्रथम नाटके न शोधता प्रश्न निश्चित करावा. उदाहरणार्थ, ‘रंगमंचावर इतिहास कसा दिसतो?’ असा प्रश्न घेतल्यास मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांचा सहभाग स्वाभाविकपणे मिळतो.

२. प्रकारांचा तोल : एक लिखित संहितेवरील नाटक, एक अनुवादित नाटक व दशावतार किंवा तमाशा यांसारखा एक लोकरंगप्रकार अशी रचना उपयुक्त ठरते. लोकरंगप्रकार उद्घाटनाची शोभा म्हणून न ठेवता मुख्य प्रयोग म्हणून ठेवावा.

३. क्रम : विद्यार्थ्यांस परिचित असलेल्या प्रकारापासून अपरिचित प्रकाराकडे जाणारा क्रम ठेवावा. आदल्या रात्रीच्या प्रयोगावरील चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवल्यास प्रेक्षकास विचार करण्यास अवधी मिळतो.

४. तांत्रिक बाजू : मंचाची रुंदी व खोली, विजेचा भार, प्रकाशयोजना उभारण्यास व नेपथ्य हलविण्यास लागणारा वेळ यांची माहिती प्रत्येक संघाकडून आगाऊ लेखी घ्यावी. एका सायंकाळी दोन मोठे प्रयोग ठेवण्याचा मोह टाळावा.

५. परवानग्या : लेखकाची वा त्याच्या वारसांची लेखी अनुमती, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र व स्थानिक परवाने यांसाठी पुरेसा कालावधी राखून ठेवावा. ही प्रक्रिया विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास तीही शिक्षणाचा भाग बनते.

६. अर्थव्यवस्था : अंदाजपत्रकात कलावंतांचे मानधन, प्रवास व निवास यांस सजावट व सत्कार यांच्या आधी स्थान द्यावे.

निवड समितीत विद्यार्थ्यांस प्रतिनिधित्व देणे अगत्याचे आहे. प्रत्येक सदस्याने संहिता वाचून तिच्या बाजूने वा विरोधात लेखी टिपण द्यावे. नाटक नाकारण्याचे कारण नेमक्या शब्दांत मांडता येणे हे नाट्यशिक्षणातील एक अवघड कौशल्य आहे आणि ते स्पर्धेच्या तालमीत सहसा शिकता येत नाही.

संभाव्य आक्षेप

स्पर्धेतील यशाने महाविद्यालयाचे नाव होते, महोत्सवाने काय साधते, असा आक्षेप घेतला जाणे शक्य आहे. त्याचे उत्तर संख्येत आहे. एकांकिकेत सहभागी होणारे विद्यार्थी मूठभर असतात. महोत्सवाचा प्रेक्षक संपूर्ण महाविद्यालय असू शकते. नट होणाऱ्यांपेक्षा प्रेक्षक होणारे विद्यार्थी नेहमीच अधिक असतात आणि त्यांच्या रसिकतेच्या घडणीची जबाबदारी कोणत्याही स्पर्धेने घेतलेली नाही. दुसरा आक्षेप मूल्यमापनाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलाशिक्षणास अभ्यासक्रमाच्या परिघावरून आत आणण्याचा आग्रह धरला आहे. निवडीचे टिपण, प्रयोगाचे परीक्षण व चर्चेतील सहभाग यांच्या आधारे असे मूल्यमापन शक्य आहे.

निष्कर्ष

स्पर्धा बंद करावी असा या विवेचनाचा अर्थ नाही. स्पर्धेने करणारे घडविले, महोत्सवाने पाहणारे घडवावेत, एवढेच येथे अभिप्रेत आहे. पुणे विद्यापीठातील १९८७ मधील ललित कला केंद्र व मुंबई विद्यापीठातील २००३ मधील नाट्यकला अकादमी यांमुळे महाराष्ट्रात पदवीच्या स्तरावर नाट्यप्रशिक्षणाची सोय झाली आहे. परंतु प्रशिक्षित रंगकर्मींना जाणता प्रेक्षक हवा असेल, तर तो सर्वसाधारण महाविद्यालयांतूनच यावा लागेल. त्या दृष्टीने महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका हाही एक अभ्यासक्रमच होय आणि ती आखणारा प्राध्यापक संयोजक असण्यापूर्वी शिक्षक असतो.