खाण हिंगोलीतही आहे

"आपल्या जिल्ह्यात कुठं आलीय खाण? कोळसा चंद्रपूरला, लोखंड गडचिरोलीला." हिंगोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि ते चूक आहे. बांधकामाचा दगड, मुरूम आणि वाळू ही 1957 च्या खाण कायद्यानुसार गौण खनिजं आहेत. म्हणजे आपल्या बेसाल्टवर चालणारा प्रत्येक खडी क्रशर खाणीवरच उभा आहे. शेतीही खाणीपासून लांब नाही. वसमतच्या हळदीला लागणारं पोटॅश जवळपास सगळं परदेशी खाणींतून येतं आणि डीएपीतल्या स्फुरदाचं मूळ रॉक फॉस्फेटमध्ये आहे.

देशाच्या उत्पन्नात खाणकामाचा थेट वाटा जेमतेम दोन-अडीच टक्के, म्हणून तो किरकोळ मानणारेही भेटतात. पण सिमेंट, पोलाद आणि औष्णिक वीज त्याच दोन टक्क्यांवर उभी आहे. याउलट, खनिज सापडलं की भरभराट आलीच, हेही खरं नाही. गडचिरोलीत लोहखनिज भरपूर आहे, तरी तो जिल्हा राज्यातल्या सर्वांत मागास जिल्ह्यांत मोजला जातो.

"शेत माझं, मुरूम माझा" हा समज सर्वांत घट्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार खनिजावर हक्क सरकारचा असतो. विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. परवानगी घेतली की स्वामित्वधन भरावं लागतं. 2021 मध्ये त्याचा दर ब्रासमागे, म्हणजे 100 घनफुटांमागे, 600 रुपये झाला. हा कर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जुलै 2024 मध्ये बहुमताने स्पष्ट केलं. ती सार्वजनिक मालकीच्या खनिजाची किंमत आहे. चोरीच्या प्रत्येक हायवामागे आपल्या सर्वांचा पैसा बुडतो.

सर्वांत घातक समज वाळूचा: "नदी दरसाल नवी आणते." पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. पाणी संथ झालं की जाड वाळू जलाशयातच बसते, खाली फार थोडी उतरते. पात्रातली वाळू पुराचं पाणी धरून ठेवते आणि तेच काठच्या विहिरींत झिरपतं. पात्र खरवडलं की उन्हाळ्यात त्या विहिरी लवकर आटतात. आपल्याच काळ्या दगडापासून बनणारी कृत्रिम वाळू हा खरा पर्याय आहे आणि राज्याने 2025 मध्ये त्यासाठी धोरणही आणलं.

घर बांधताना दारात ट्रिप उतरेल तेव्हा चालकाकडे वाहतूक पास मागा आणि नसेल तर माल परत पाठवा.