दाताच्या मुळात फिरणारी बारीक कानस

रूट कॅनल म्हटले की लहान-मोठे सगळेच घाबरतात. ‘त्यापेक्षा दात काढूनच टाका’ असे म्हणणारे पालकही आम्हांस भेटतात. म्हणून हे काम ज्या हत्यारांनी होते, त्यांची थोडक्यात ओळख येथे करून देत आहोत.

दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात नसा व रक्तवाहिन्या असतात. कीड तेथवर पोहोचली की दात ठणकू लागतो. तो गर काढून मुळातील नळी स्वच्छ करणे व भरून बंद करणे, म्हणजे रूट कॅनल.

नळी साफ करायला बोटांनी धरायच्या बारीक कानशी असतात. त्यांना फाइल म्हणतात. अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ मध्ये घड्याळाची स्प्रिंग घासून असे हत्यार तयार केले होते. पुढे प्रत्येक कारखान्याचे माप वेगळे असे. १९५८ मध्ये इंगल व लेव्हिन यांनी सर्वांसाठी एकच माप सुचवले. आज नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ६ नंबरचे टोक ०.०६ मिमी, म्हणजे जवळजवळ डोक्याच्या केसाएवढे! मुठीच्या रंगावरूनही नंबर कळतो: १५ पांढरा, २० पिवळा, २५ लाल, ३० निळा.

विद्यार्थ्यांसाठी एक गणित. कानशीचा धारेचा भाग १६ मिमी असतो व दर मिलिमीटरला जाडी ०.०२ मिमीने वाढते. मग २५ नंबरची कानस धारेच्या वरच्या टोकाला किती जाड? उत्तर: ०.५७ मिमी.

के-फाइल चौकोनी किंवा तिकोनी तारेला पीळ देऊन बनवतात. ती किंचित फिरवून बाहेर ओढतात. एच-फाइल फक्त ओढताना कापते. फिरवली तर मोडू शकते. कानशीवर रबराची छोटी चकती असते. ती मुळाच्या लांबीवर सरकवून ठेवतात, म्हणजे कानस किती खोल गेली ते कळते. बारीक कानशीपासून क्रमाने जाड कानशीकडे जायचे आणि मधून मधून औषधाने नळी धुवायची. आता यंत्रावर फिरणाऱ्या फाइलीही आहेत, तरी पहिली वाट बहुधा हातानेच काढतात. कानस घशात पडू नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात. तो लावणार का, हे पालकांनी अवश्य विचारावे.

आता मुख्य गोष्ट. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती दुधाची नव्हे, कायमची असते. कोणताही दात न पडता ती येत असल्याने घरात कोणाच्या लक्षात येत नाही. तिची मुळे पूर्ण व्हायला आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. तोवर मुळाचे टोक उघडे असते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीचे रूट कॅनल तेथे चालत नाही. वेगळा उपचार करावा लागतो. कीड लहान असतानाच भरून घेतली, तर बहुधा या कानशींची गरजच पडत नाही.

तेव्हा पालकांना विनंती की आज रात्री दात घासताना मुलांची मागची दाढ उजेडात पाहावी. काळा डाग किंवा खड्डा दिसला, तर ठणक्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.