गुन्हेगाराला वस्तीबाहेर ठेवले की मुले सुरक्षित होतात का?

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेल्यांनी शाळा, उद्यान अशा ठिकाणांपासून ठरावीक अंतराच्या आत राहू नये, असे कायदे अमेरिकेत अनेक राज्यांत आहेत. फ्लोरिडात हे अंतर १००० फूट; मायामी-डेड कौंटीने २००५ मध्ये ते २५०० फूट केले. दाट शहरात मग घर उरतेच कुठे? ज्युलिया टटल पुलाखाली या लोकांची झोपडवस्ती उभी राहिली. २०१० मध्ये ती हटवली. ज्याला पत्ताच नाही, त्याच्यावर पोलीस नजर ठेवणार कशी?

मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने २००७ मध्ये, सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्या २२४ जणांची प्रकरणे तपासली. अशा बंदीने टळला असता असा एकही गुन्हा त्यांत सापडला नाही. कारण आरोपी बहुधा नात्यातला, ओळखीचा असतो. शाळेजवळच्या घराचा संबंधच येत नाही.

गावकुसाबाहेर राहण्याचे दुःख आपल्या समाजाने जन्माच्या नावाखाली भोगले. त्याची तुलना गुन्हेगाराच्या शिक्षेशी होऊ शकत नाही, आणि पीडितेची बाजू आम्ही सोडणार नाही. म्हणूनच विचारतो: मूल खरेच कशाने वाचते? भारतात २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, ती फक्त तपास यंत्रणांसाठी. मात्र पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "घरची गोष्ट" म्हणून आपल्याही वस्त्यांत तक्रारी दाबल्या जातात. विहारातल्या बालसंस्कार वर्गात आणि महिला मंडळात हे कलम आधी समजावून सांगा, कार्यकर्त्यांनो.