आभासी नेटवर्क अडॅप्टरचे दोषनिदान

संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचे काम प्रत्यक्ष कार्डाविना, केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने करणाऱ्या योजनेस आभासी नेटवर्क अडॅप्टर म्हणतात. एका संगणकावर दुसरा संगणक आज्ञावलीच्या रूपात चालविला असता पहिल्यास यजमान व दुसऱ्यास अतिथी अशी संज्ञा आहे. या दोहोंमध्ये माहितीची ने-आण व्हावी म्हणून यजमानावर असे अडॅप्टर बसविले जातात. आभासी संगणकाची कल्पना मोठ्या संगणकांवर जुनीच आहे. आयबीएम कंपनीची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर झाली. वैयक्तिक संगणकावर ती व्हीएमवेअर वर्कस्टेशन (१९९९) व व्हर्च्युअलबॉक्स (२००७) यांसारख्या आज्ञावल्यांमुळे रुळली.

प्रत्यक्ष कार्डाची तार निखळली वा दिवा विझला, की दोष डोळ्यांना दिसतो. आभासी अडॅप्टरला तारही नाही व दिवाही नाही. तो यजमानाच्या सूचीत चालू दिसत असूनही निरुपयोगी असू शकतो. उलट तो बंद असूनही अतिथीचे काम सुरळीत चालू राहते, असेही घडते. म्हणून अडॅप्टर ‘बिघडला’ असे मानून तो काढून टाकण्यापूर्वी अतिथी कोणत्या पद्धतीने जोडलेला आहे, हे प्रथम पाहावे लागते.

जोडणीच्या मुख्य पद्धती तीन आहेत. सेतू पद्धतीत अतिथी यजमानाच्या प्रत्यक्ष कार्डामार्फत बाहेरच्या जाळ्यात स्वतंत्र संगणक म्हणून वावरतो. नॅट पद्धतीत अतिथीची पॅकेटे यजमानाच्या पत्त्याने बाहेर पडतात. केवळ-यजमान पद्धतीत यजमान व अतिथी यांचे एक बंदिस्त जाळे तयार होते. व्हीएमवेअरमध्ये या तिन्हींना अनुक्रमे व्हीएमनेट०, व्हीएमनेट८ व व्हीएमनेट१ अशी नावे आहेत. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅट पद्धतीत यजमानावर कोणताही अडॅप्टर निर्माण होत नाही. तेव्हा तो सूचीत नाही म्हणून शोधत बसणे व्यर्थ होय. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमनेट८ हा अडॅप्टर यजमानाच्या सूचीत दिसतो. परंतु त्याचा उपयोग यजमान व अतिथी यांच्या परस्पर संपर्कापुरताच असतो. तो बंद केला तरी अतिथीचे इंटरनेट चालू राहते. पत्ते वाटणारी व नॅटचे काम पाहणारी पार्श्वभूमीतील सेवा थांबली, तर मात्र ते तुटते.

पद्धती निश्चित झाल्यावर पत्ता तपासावा. अतिथीचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर त्याला पत्ता वाटणारी सेवा सापडलेली नाही व त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा अर्थ होतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या केवळ-यजमान जाळ्यात यजमानाचा नेहमीचा पत्ता १९२.१६८.५६.१ असतो आणि अतिथींना १०१ पासून पुढचे पत्ते मिळतात. यजमानाच्या अडॅप्टरवर हा पत्ता नसून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर दोष अतिथीत नसून यजमानातच आहे.

याहून फसवा दोष पत्त्यांच्या टकरीचा आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखीव असल्याने कोणतेही कार्यालय ते वापरू शकते. कार्यालयाच्या जाळ्यानेही १९२.१६८.५६ हीच मालिका घेतली असेल, तर यजमानापुढे एकाच ठिकाणी जाणारे दोन मार्ग उभे राहतात आणि तो कमी भारांकाचा मार्ग निवडतो. परिणामी कार्यालयातील मुद्रणयंत्राकडे निघालेले पॅकेट आभासी जाळ्यात शिरते व तेथेच लोपते. अशा वेळी तक्रार मुद्रणयंत्राची येते, आभासी अडॅप्टरचा संशय कोणासही येत नाही. यजमानाची मार्गसारणी वाचून आभासी जाळ्यास निराळी मालिका दिली, की हा दोष नाहीसा होतो.

पत्ते व मार्ग योग्य असूनही अतिथीकडून यजमानास हाक पोहोचत नसेल, तर फायरवॉल पाहावी. केवळ-यजमान जाळ्याला गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे द्वार, नसल्याने विंडोज त्यास बहुधा अनोळखी व सार्वजनिक जाळे समजते आणि पिंग या चाचणीला उत्तर देत नाही. म्हणून पिंग अयशस्वी होणे हा जोडणी तुटल्याचा पुरावा नव्हे. संपूर्ण फायरवॉल बंद करणे हा रूढ पण धोक्याचा उपाय आहे. आवश्यक तेवढी एकच वाट त्या अडॅप्टरपुरती उघडणे पुरेसे असते.

सेतू पद्धतीत प्रत्यक्ष कार्डाच्या गुणधर्मांत आभासी प्रणालीचा ड्रायव्हर जोडलेला असावा लागतो. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर ही जोडणी कधीकधी सुटते. ती पुन्हा जोडणे किंवा आज्ञावलीच्या दुरुस्तीचा पर्याय वापरणे योग्य. अडॅप्टर घाईने काढून पुन्हा बसविल्यास त्याच्या नावापुढे दोन, तीन असे अंक लागतात. अतिथीच्या मांडणीत मात्र जुनेच नाव राहते व अतिथी सुरूच होत नाही. विंडोजमधील संपूर्ण जाळे पूर्ववत करण्याची आज्ञा तर सर्वच अडॅप्टर काढून नव्याने बसविते, त्यामुळे आभासी प्रणालीबरोबरच सुरक्षित दूरजोडणीच्या आज्ञावल्याही पुन्हा बसवाव्या लागू शकतात. हा अखेरचाच उपाय समजावा. लिनक्सवर कर्नेल बदलल्यानंतर ड्रायव्हरचे भाग नव्याने बांधावे लागतात, आणि सुरक्षित प्रारंभाची सोय चालू असल्यास स्वाक्षरी नसलेले भाग कर्नेल स्वीकारत नाही. तसेच २०२१ मधील ६.१.२८ या आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स लिनक्सवर केवळ-यजमान जाळ्यास मूलतः १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढीच मालिका घेऊ देते. निराळी मालिका हवी असल्यास ती एका स्वतंत्र नियमफायलीत नोंदवावी लागते.

तारेवर चालणारा सेतू बिनतारी कार्डावर अडखळतो, यात नवल नाही. बिनतारी केंद्र सामान्यतः आपल्याकडे नोंद झालेल्या कार्डाच्याच ४८ बिट लांबीच्या मॅक पत्त्याची पॅकेटे स्वीकारते. अतिथीचा मॅक पत्ता त्यास अपरिचित असतो. आभासी प्रणाल्या यजमानाचा मॅक पत्ता वापरून ही अडचण ओलांडू पाहतात, पण प्रत्येक कार्डावर ते साधत नाही. तेथे नॅट पद्धती अधिक भरवशाची ठरते. एका अतिथीची हुबेहूब प्रत काढताना मॅक पत्ताही तोच राहिला, तर दोन्ही अतिथी एकाच वेळी चालू असताना आळीपाळीने जोडणी गमावतात. व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक पत्ते ०८:००:२७ ने सुरू होत असल्याने पहिली तीन अंकयुग्मे सर्वांची सारखीच असतात. तुलना उरलेल्या तिन्हींची करावी लागते.