बेसाल्ट
बेसाल्ट : अल्पसिकत (सिलिकेचे प्रमाण कमी असलेल्या) शिलारसापासून तयार झालेला, काळसर व सूक्ष्मकणी ज्वालामुखी खडक. ज्वालामुखी खडकांपैकी हा सर्वांत विपुल असून महासागरांचे तळ मुख्यत्वे त्याचेच बनलेले आहेत. महाराष्ट्रात तो काळा पाषाण, काळा फत्तर, काळवत्री इ. नावांनी ओळखला जातो.

संघटन व वयन : बेसाल्टात सिलिकेचे प्रमाण सु. ४५ ते ५२ टक्के असते. कॅल्शियमाचे प्रमाण जास्त असलेले प्लॅजिओक्लेज फेल्स्पार व ऑजाइट ही त्यातील प्रमुख खनिजे होत. यांशिवाय ऑलिव्हीन, मॅग्नेटाइट व इल्मेनाइट ही खनिजे कमीअधिक प्रमाणात असतात. लोहयुक्त खनिजांमुळे खडकास काळा, करडा वा हिरवट काळा रंग व जडपणा येतो. वि. गु. सामान्यतः २·८ ते ३·० असते. लाव्हा जलद थंड झाल्याने स्फटिक मोठे होण्यास अवसर मिळत नाही. त्यामुळे खनिजांचे कण बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत व काही भाग काचमय राहतो. त्याच संघटनाचा शिलारस भूपृष्ठाखाली सावकाश थिजल्यास डोलेराइट किंवा भरडकणी गॅब्रो हे खडक तयार होतात.

संरचना : बेसाल्टी लाव्ह्याचे तापमान सु. १,०००° ते १,२००° से. असते. तो पातळ असल्याने दूरवर पसरतो व त्याचे थरांवर थर साचतात. अशा थरांची झीज होऊन डोंगरउतारांना पायऱ्यांसारखे स्वरूप येते. पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव पडले. थराच्या माथ्याकडे निसटत्या वायूंमुळे पोकळ्या राहतात व पुढे त्यांत झिओलाइटे, कॅल्साइट, क्वॉर्ट्‌झ यांसारखी खनिजे भरली जातात. पुणे, नासिक व जळगाव या परिसरांतील खाणींमधून मिळणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट इ. खनिजांचे सुंदर स्फटिक जगातील अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतात. थंड होताना आकुंचन होऊन खडकात संधी (भेगा) पडतात व त्याचे बहुकोनी स्तंभ होतात. उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे व मुंबईतील गिल्बर्ट टेकडी ही याची उदाहरणे होत. लाव्हा पाण्याखाली ओतला गेल्यास उशीसारखे गोळे तयार होतात.

उत्पत्तीविषयीचा वाद : अठराव्या शतकात आब्राहाम व्हेर्नर व त्यांचे अनुयायी बेसाल्ट हा सागरजलातून साचलेला खडक मानीत. फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागात नीकॉला देमारे यांना असे स्तंभ जुन्या लाव्हाप्रवाहांत आढळले. जेम्स हॉल यांनी वितळविलेला बेसाल्ट सावकाश थंड केल्यास काचेऐवजी पुन्हा स्फटिकमय खडक मिळतो, हे प्रयोगाने दाखविले. त्यामुळे बेसाल्टाचे अग्निज स्वरूप निश्चित झाले.

आढळ : आइसलँड, हवाई बेटे, सायबीरिया, अमेरिकेतील कोलंबिया पठार व भारतातील दख्खनचे पठार ही याची मोठी क्षेत्रे होत. १९६९ मध्ये अपोलो–११ मोहिमेत आणलेल्या नमुन्यांवरून चंद्रावरील काळसर मैदानेही बेसाल्टी असल्याचे दिसून आले. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी साचलेले दक्षिण ट्रॅप खडक आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रात आढळतात व महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांनीच व्यापलेला आहे [→ दक्षिण ट्रॅप].

भूजल व मृदा : बेसाल्टाच्या सलग, घट्ट भागात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते अपक्षीण (हवापाण्याने झिजून भुसभुशीत झालेल्या) भागात, थरांच्या पोकळ्यायुक्त माथ्यात व संधींत साठते. म्हणून एका विहिरीस भरपूर पाणी लागते, तर जवळचीच दुसरी कोरडी राहते. हा साठा मर्यादित असून दरवर्षीच्या पावसाने भरून येतो. पाऊस कमी झाल्यास किंवा उपसा वाढल्यास उन्हाळ्यापूर्वीच विहिरी आटतात. खोल विंधन विहीर घेऊनही संधी न लागल्यास पाणी मिळत नाही. म्हणून पाणी अडविणे व मुरविणे यांचे महत्त्व येथे विशेष आहे. बेसाल्टाच्या अपक्षयाने कापसाची काळी जमीन तयार होते, तर जास्त पावसाच्या भागात जांभा व बॉक्साइट तयार होतात.

उपयोग : ताजा, घट्ट बेसाल्ट कठीण, चिवट व टिकाऊ असून दाब चांगला सहन करतो. म्हणून रस्त्यांची व लोहमार्गांची खडी, काँक्रीट, चिरेबंदी बांधकाम व धरणे यांसाठी तो वापरतात. पाटे-वरवंटे व जातीही त्यापासून करीत आले आहेत. अजिंठा, वेरूळ व घारापुरी येथील लेणी याच खडकात कोरलेली असून मेक्सिकोतील ओल्मेक संस्कृतीतील प्रचंड मस्तकशिल्पेही बेसाल्टाची आहेत. मात्र सर्वच बेसाल्ट बांधकामास योग्य नसतो. काचमय किंवा कॅल्सेडोनीयुक्त खडीची सिमेंटमधील अल्कलींशी विक्रिया होऊन काँक्रीटला तडे जाऊ शकतात. दोन थरांमधील तांबड्या मृण्मय पट्ट्यांवर पाया घेणेही धोक्याचे असते. म्हणून खडकाची आधी परीक्षा करणे आवश्यक ठरते.

बेसाल्ट वितळवून झीजरोधक नळ व फरश्या ओततात, तसेच त्याचे तंतू काढून ते उष्णतानिरोधनासाठी व संमिश्र द्रव्यांत वापरतात. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळविलेला कार्बन डाय-ऑक्साइड बेसाल्टात सोडण्यात आला. खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींशी विक्रिया होऊन त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग सु. दोन वर्षांत कार्बोनेट खनिजांच्या रूपात बद्ध झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसून आले. त्यामुळे वातावरणातील या वायूचे प्रमाण आटोक्यात ठेवण्याच्या दृष्टीने बेसाल्टास नवे महत्त्व आले आहे.