पांढरं जातंय? आधी तपासणी, मग औषध

थोडा पांढरा स्राव नैसर्गिकच. खाज, जळजळ, दुर्गंधी असेल, तर कारण बहुधा तीनपैकी एक : जिवाणूंचा असमतोल, बुरशी किंवा ट्रायकोमोनास हा परजीवी. तिन्हींवरचे उपचार एकसारखे नाहीत, म्हणून अचूक निदान महत्त्वाचं.

● पीएच पट्टी : प्रजननक्षम वयात योनिस्रावाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. जिवाणूंच्या असमतोलात आणि ट्रायकोमोनासमध्ये तो सहसा वाढतो, बुरशीत बहुधा तसाच राहतो. पट्टीचा रंग लगेच बदलतो.

● वासाची चाचणी : स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच माशासारखा वास आला, तर जिवाणूंच्या असमतोलाची शक्यता बळावते.

● ओली काचपट्टी : सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोमोनास वळवळताना दिसतो. उशीर झाला की त्याची हालचाल मंदावते आणि निदान हुकतं.

● झटपट अँटिजेन चाचणी : ट्रायकोमोनासचा निकाल १० ते १५ मिनिटांत.

● न्यूक्लिक ॲसिड चाचणी : अधिक अचूक, पण यंत्र आणि खर्च जास्त.

प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी निव्वळ लक्षणांवरून गोळ्या दिल्या जातात. त्यात नको ते औषध पोटात जाऊ शकतं. साध्या, स्वस्त चाचण्या प्रत्येक आरोग्य केंद्रात असायलाच हव्यात. तोवर दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका. संकोच सोडून डॉक्टरांना दाखवा.