खुबा बदलल्यानंतरचे दुखणे

खुब्याचा निकामी सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा चेंडू आणि प्लास्टिकची वाटी असा सांधा वापरात आणला, तेव्हापासून ती जगभर रुळली. शस्त्रक्रियेची चर्चा पुष्कळ होते. नंतरच्या दुखण्याविषयी मात्र रुग्णाला कोणी फारसे सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्याच्या गावचा रुग्ण बहुधा नागपूर, सेवाग्राम किंवा यवतमाळला जाऊन ही शस्त्रक्रिया करून घेतो आणि काही दिवसांत घरी परततो. खरे दुखणे त्याला घरीच निभवावे लागते, आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तेव्हा कित्येक कोस दूर असतात.

सांध्याचे जुने दुखणे बहुतेकांना पहिल्या काही दिवसांतच गेल्यासारखे वाटते. उरते ते कापलेल्या त्वचेचे, ताणलेल्या स्नायूंचे आणि हाडाचे दुखणे. ते पहिले दोन आठवडे अधिक असते, मग हळूहळू उतरते. मांडीतील रग आणि रात्रीची अस्वस्थता मात्र काही महिने रेंगाळू शकते. डॉक्टर शून्य ते दहा यांपैकी आकडा विचारतात. ग्रामीण भागातील वडीलधाऱ्यांना हा हिशेब कृत्रिम वाटतो. आपल्या भाषेत ठणका, कळ, चमक, रग, ठुसठुस असे नेमके शब्द आहेत. आकड्याबरोबर हा शब्द आणि वेळही सांगावी. चालल्यावर येणारी रग आणि बसल्या जागी वाढत जाणारा ठणका यांचा अर्थ एक नव्हे.

‘सोसवेल तितके सोसावे, अगदीच असह्य झाले तर गोळी घ्यावी’ ही आपल्याकडची जुनी रीत येथे घातक ठरते. दुखते म्हणून रुग्ण हलत नाही. हलला नाही की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, फुफ्फुसात कफ साठतो, स्नायू आखडतात. म्हणून पहिल्या दिवसांत गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची, आणि व्यायामाच्या किंवा तपासणीसाठीच्या प्रवासाच्या साधारण तासभर आधी ती पोटात जाईल असे पाहायचे. पुढे गोळ्या कमी करायच्या, त्याही डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने.

या उपचाराचा पाया पॅरासिटामॉल हा असतो. प्रौढ व्यक्तीसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. कृश, वृद्ध किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी ती आणखी कमी. गोची अशी, की ट्रामाडॉल किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेताना नकळत मात्रा दुप्पट होते. डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरविणारी औषधे गुणकारी खरी. पण मूत्रपिंड, जठर व हृदय यांचा विकार असल्यास ती जोखमीची, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते. ट्रामाडॉलसारख्या तीव्र औषधांनी गुंगी येते, मळमळते, बद्धकोष्ठ होतो. ती थोडे दिवसच घ्यावीत.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. येथील गोंड, परधान आदी समाजांत सिकलसेल आढळतो. कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशींनी खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मृत होते आणि ऐन पंचविशी-तिशीत सांधा बदलण्याची वेळ येते. सर्वसाधारण रुग्णाला सुजेवर बर्फ शेकण्याचा सल्ला दिला जातो. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र थंडीनेच वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून त्याने बर्फ टाळावा, अंग उबदार ठेवावे, पाणी भरपूर प्यावे. त्याची मूत्रपिंडे आधीच नाजूक असू शकतात. छातीत दुखणे, धाप आणि ताप एकत्र आले तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. या रुग्णाचे दुखणे ‘नेहमीचेच’ म्हणून धुडकावले जाते, हे फार वाईट. त्याने आयुष्यभर कळा सोसलेल्या असतात. आधी तीव्र औषधे बरीच घेतलेली असतील, तर त्याला मात्राही अधिक लागू शकते.

घरी आल्यावर पंचाईत होते ती बैठकीची. जमिनीवरची पंगत, उकिडवे बसणे, खाली गेलेली सैल बाज यांमुळे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकतो. कडक गादीचा उंच पलंग, हातांची खुर्ची आणि कमोडची खुर्ची यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वीच करावी. हे बंधन किती आठवडे पाळायचे, हे छेद कोणत्या बाजूने घेतला यावर अवलंबून असते. तेवढे विचारून घ्यावे. जखमेवर तेल चोळणे, पोटरीला मालीश करणे वर्ज्य. दुखते म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या कुल्ल्यात सुई टोचून घेण्याची सवयही सोडावी, कारण जंतू आत शिरले तर सांध्यापर्यंत पोहोचू शकतात.

काही दुखणी गोळीने दाबण्याची नसतात. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागणे. उठता-बसता अचानक जबर कळ येऊन पाय आखूड वा वाकडा दिसणे. उतरणीला लागलेला ठणका पुन्हा चढणे, त्यासोबत ताप किंवा जखमेतून स्राव येणे. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात दाखवावे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. डिस्चार्ज कार्डावर त्यांचा क्रमांक आहे ना, हे निघतानाच पाहून घ्यावे. अँटिबायोटिक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. सांध्यातील जंतू कोणता, हे तपासण्यापूर्वीच त्या पोटात गेल्या तर निदान अवघड होऊन बसते.